ताईच्या आरशावरचा डिंक

ग्रुपवरच्या मैत्रिणींनो, वाशीच्या सायबर कॅफेत बसून एका हातानं टाईप करतेय. दुसऱ्या हाताला पट्टी आहे.

आज दुपारी आई आणि मी खांदेश्वरला ताईच्या घरी गेलो होतो. ताई दिवाळीत जळून गेली. स्टोव्ह भडकला, असं तिच्या नवऱ्यानं पोलिसांना सांगितलं. त्याला भावजी म्हणायला आता माझी जीभ वळत नाही. रविवारी त्याचं दुसरं लग्न आहे, म्हणून "तिचं सामान घेऊन जा" असा फोन आला होता.

आम्ही गेलो तेव्हा तो भिंतीवरचा आरसा घासत होता. ताई रोज झोपताना कपाळाची टिकली त्यावर चिकटवायची. टिकल्या त्यानं ब्लेडनं खरवडल्या होत्या, पण डिंकाचे ठिपके सुटत नव्हते.

"असं नाही जायचं," म्हणत त्यानं मोरीतून डबा आणला आणि फडकं रॉकेलमध्ये बुडवलं.

त्या वासानं माझं डोकंच सटकलं. फडकं हिसकावून त्याच्या थोबाडावर मारलं. त्यानं माझा हात पिरगळून मला आरशावर ढकललं. काच तडकली, माझा तळवा फाटला.

"वेडी झालीस का? रॉकेलच तर आहे!" तो ओरडला.

आरसा मी काढून आणलाय. त्यावर ताईचे ठिपके आहेत आणि माझं रक्त. नवी मुलगी रबाळ्याची आहे. उद्या हा आरसा घेऊन तिच्या दारात उभी राहणार आहे.

मला एवढंच सांगा, जिथं बायको जळून मेली, त्या घरात कुणाचा हात रॉकेलच्या डब्याकडे इतका सहज जातो?