सोवळ्यातली फुलं

आधीच सांगून टाकते, चूक माझीच होती. पण त्या सकाळी मला हे कुणी ऐकवलं असतं, तर मी त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागे जुना रेल्वेचा रूळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, कधी नांगर न लागलेलं. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं ती. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी चार वर्षांची, आणि मी? बॉटनीत एम.एस्सी. करून तीन वर्षं पोळ्या लाटणारी. जुलै लागला की त्या गवतात एक पिवळं फूल यायचं. आपल्या झेंडू-शेवंतीच्या गोत्रातलं, पण मूळचं इथलंच. इथे त्याला कोनफ्लॉवर म्हणतात. पाकळ्या खाली लोंबलेल्या, मधोमध करडं बोंड, आणि ते बोंड चुरगळलं की चक्क बडीशेपेचा वास! त्या वासानंच मला वेड लावलं.

मग एक दिवस मनाचा हिय्या करून युनिव्हर्सिटीतल्या बॉटनीच्या एका प्राध्यापक बाईंना जाऊन भेटले. बाई मोजकं बोलायच्या. म्हणाल्या, "एक प्रश्न घे आणि सप्टेंबरअखेर उत्तर घेऊन ये. मला पटलं तर जानेवारीपासून असिस्टंटची जागा तुझी." त्या रात्री मी आनंदानं पोळ्या करपवल्या.

प्रश्न असा होता: या झाडाला स्वतःच्याच परागांनी बी धरतं का, की दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात? मी जाळीच्या चोवीस पिशव्या शिवल्या आणि कळ्या असतानाच बोंडांवर चढवल्या, म्हणजे मधमाश्यांची लुडबूड नको. बारा बोंडांना पांढरा दोरा. त्यांना त्यांच्याच झाडाचे पराग ब्रशनं लावायचे. बारांना लाल दोरा. त्यांना दुसऱ्या झाडाचे. पुढे बी मोजायचं, झालं.

त्या उन्हाळ्यात अमरावतीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांचं इथे मन रमेना. "रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही बाप्पा!" असं दिवसातून दहादा म्हणायच्या. फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं, त्यावर रोज एक दिवस खोडायच्या. महालक्ष्म्या झाल्या की आठवड्यानं त्यांचं परतीचं विमान होतं. प्रयोगाबद्दल मी त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता. सून गवतात बसून फुलांना ब्रश लावते, हे पत्रानं अमरावतीला पोचलं असतं, तर सगळ्या नात्यागोत्यात मला वेड लागल्याची बातमी झाली असती. मी आपली 'जरा फिरून येते' म्हणून सटकायची.

महालक्ष्म्या जेवायच्या त्या दिवशी सकाळी मी न्हाऊन खाली आले. दोन्ही मुखवटे नटूनथटून उभे, आणि त्यांच्यापुढे पिवळ्या फुलांची रास. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "ममी, लुक! आजी गॉट द वन्स विथ द लिटल बॅग्ज!"

ओल्या केसांनी तशीच रुळापर्यंत धावले. नुसते देठ उभे होते. एक बोंड म्हणून शिल्लक नव्हतं.

परत येऊन मी सासूबाईंवर आवाज चढवला. लग्नानंतर पहिल्यांदा. "आई, काय करून बसलात हे! कुणाला विचारलंत?"

त्या गोंधळून म्हणाल्या, "अगं, तूच ना राखून ठेवली होतीस? भुंग्यांनी उष्टी करू नयेत म्हणून जाळी बांधलीस. मी रोज पहाटे बघून येत होते. मनात म्हटलं, सूनबाई बोलत नाही, पण देवीची फुलं कशी सोवळ्यात ठेवली आहेत!"

मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून ढसाढसा रडले. रडता रडता सगळं सांगितलं: बाई, सप्टेंबर, जागा, पांढरा दोरा, लाल दोरा.

सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "लाल दोऱ्याची मी देवीला वाहिलीच नाहीत. ती मलूल झाली होती, खुडून टाकली. पांढऱ्यांच्या मिशा मात्र चार-चार दिवस तशाच ताठ. म्हणून तीच घेतली."

"कसल्या मिशा?"

"बोंडावर त्या बारीक बारीक असतात ना, केसासारख्या. लाल दोऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आत जातात. पांढऱ्यांच्या जात नाहीत. मी रोज बघत होते ना!"

माझं रडं जागच्या जागी थांबलं. त्या मिशा पराग झेलण्यासाठीच असतात. पराग पटले की फूल त्या आत ओढून घेतं, आणि पटले नाहीत तर बाहेर काढून वाट बघत बसतं. म्हणजे स्वतःच्या परागांना ते फूल भीक घालत नव्हतं! मी ज्या उत्तरासाठी बी मोजणार होते, ते सासूबाईंनी पूजेची फुलं निवडता निवडता बघून ठेवलं होतं. पण नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? सगळं पुन्हा करायला हवं होतं. रुळाच्या कडेला जूनमध्ये यंत्रानं गवत कापलं होतं, तिथली झाडं उशिरा कळ्यांवर आली होती. पण सकाळ-संध्याकाळ नोंद कोण घेणार, आणि पोरीला कोण बघणार?

सासूबाई उठल्या. त्यांनी या घरात तोवर फोनला हात लावला नव्हता. भिंतीवर लिहिलेला नंबर बघत बघत त्यांनी मुलाच्या ऑफिसात फोन लावला. "माझं तिकीट कॅन्सल कर. नाही रे, तब्येत छान आहे. मला इथे काम आहे."

पुढचे पंधरा दिवस आमची वरात रुळाकडे निघायची. पुढे सासूबाई, मध्ये आजीचा पदर धरलेली पोरगी, मागे ब्रश घेऊन मी. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि दाखवलं, की हे एक फूल नव्हेच, बोंडावर शेकडो फुलं दाटीनं बसलेली आहेत. या लोंबणाऱ्या पिवळ्या पाकळ्या नुसत्या शोभेच्या, बी धरतं ते या बारक्यांना.

"म्हणजे मिरवणारे वेगळे आणि राबणारे वेगळे," त्या म्हणाल्या. "अगदी आपल्याकडच्या लग्नासारखं."

नोंदी त्यांनी फ्रिजवरच्याच कॅलेंडरवर केल्या. दिवस खोडणं बंद झालं आणि चौकोनाचौकोनात मराठी आकडे आले: पांढरे इतके, लाल इतके. मी ते नीट इंग्रजीत उतरवून बाईंकडे नेले. बाईंनी मूळ कागद मागितला. मी लाजत लाजत कॅलेंडर पुढे केलं. पानं उलटून बाईंनी विचारलं, "हे अक्षर तुझं नाही. दुसरे निरीक्षक कोण?" मी सांगितलं. बाई पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या आणि जागा माझी झाली.

विमानतळावर मी सासूबाईंच्या पाया पडले आणि त्या सकाळच्या ओरडण्याची माफी मागितली.

"चल, काहीतरीच!" त्यांनी माझे डोळे पदरानं पुसले. "अमरावतीला कुणी विचारलं, अमेरिकेत काय केलंत, तर सांगीन की सुनेची फुलं चोरली आणि सुनेला नोकरी लावली."

चार पावलं जाऊन त्या वळल्या. "आणि पुढच्या वर्षी पिशव्या जास्त शिव. मला देवीसाठीही लागतील."

मी पन्नास शिवल्या.