मामा लाइव्ह आहेत

त्या सकाळी मी चहात बिस्किट बुडवून ते फोनवर धरलं, ही माझी चूक. फोनवर माझा मेव्हणा लाइव्ह होता. बिस्किटाचा भिजलेला तुकडा गळून पडला तो बरोबर त्याच्या तोंडावर. मी अंगठ्यानं पुसायला गेलो आणि पुसता पुसता स्क्रीनच्या कोपऱ्यातून हसऱ्या तोंडांची एक रांग वर तरंगत निघाली. जितकं पुसावं तितकी तोंडं. शेवटी घाबरून मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. पण आवाज चालूच होता.

"बघा मंडळी, आमचे दाजी बी हसून राह्यले! जाफराबादचे आमचे सख्खे दाजी. दाजी, पटलं ना? मंग! घरच्या माणसाला पटतंय, तर दुनियेला का न्हाई पटणार?"

मेव्हणा आमच्या जिल्हा परिषद गटात उभा होता. अपक्ष. त्याच्याकडे पक्ष नव्हता, कार्यकर्ते नव्हते, होता तो फोन. पूर्वी तो जाफराबाद–टेंभुर्णी जीप चालवायचा. माणसं भरताना ओरडून ओरडून त्याचा आवाज तयार झालेला. जीप विकली तरी माणसं भरायची सवय गेली नाही, आता तो ती फोनमध्ये भरायचा. रोज सकाळी दूध घालून आला की लाइव्ह. आज गटारावर, उद्या विजेच्या डीपीवर, परवा ग्रामसेवकावर. आणि रोज शेवटी गाडी येऊन थांबायची ती समोरच्या उमेदवारावर.

त्या दिवशी तो फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यात उभा होता. हा निवारा समोरच्या उमेदवारानं आपल्या मागच्या काळात बांधलेला. त्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड तुरीच्या वावराकडे. मेव्हणा आत बाकड्यावर बसून विचारत होता, "इथं माणूस बसची वाट पाह्यतो का तुरीला शेंगा यायची?" खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. बिस्किट नसतं पडलं तरी मी हसलो असतो. पण मनात.

अडचण अशी, की तो समोरचा उमेदवार माझ्या होणाऱ्या जावयाचा सख्खा चुलता होता.

सोयरीक जमवली तेव्हा या दोघांपैकी कोणी उभं राहणार हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. साखरपुडा झाला, तारीख धरली, मंगल कार्यालय ठरलं, आणि मग निवडणूक लागली. लग्न मतदानाच्या आधी आलं.

माझं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. सगळ्या पक्षांचे कागद माझ्याच काचेवर पालथे पडतात. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचं शपथपत्र. मी वाचत नाही, वाचलं तरी बोलत नाही. इतकी वर्षं मी कोणाचाच नाही हीच माझी दुकानदारी. आणि आता सकाळी सकाळी माझ्या नावानं हसरी तोंडं उडालेली सगळ्या गटानं पाहिली.

दुपारच्या आत इवाई दुकानात आले. नवरदेवाचे वडील, म्हणजे त्या उमेदवाराचे धाकटे भाऊ. शांत माणूस. आधार कार्ड पुढं केलं, म्हणाले, "एक कॉपी मारा."

मी मारली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. कॉपी कशाला हवी होती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"इवाई, लय हसू येऊन राह्यलं म्हणे तुम्हाला."

"न्हाई हो, ते बिस्किट..."

"बिस्किट?"

मी सांगितलं. सगळं, अंगठ्यासकट. सांगताना माझं मलाच खोटं वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या पाव्हण्याला आवरा. लग्नापुरतं तरी. माझा भाऊ मंडपात आला न्हाई तर भावकीतलं एक माणूस येणार न्हाई. मंग काय, नुसता नवरदेव पाठवून देऊ?"

मी चहा सांगितला होता. तो यायच्या आत ते उठले. इवाई दुकानातून बिनचहाचा गेला म्हणजे काय, ते आमच्याकडं लहान लेकराला कळतं. मागून पोऱ्यानं दोन चहा आणून ठेवले. मी दोन्ही प्यालो.

घरी बायकोनं सगळं आधीच पाहिलं होतं.

"तुम्ही हसलेच काऊन?"

"अगं, पुसत होतो."

"मंग फडक्यानं पुसायचं." आणि वर, "माझ्या भावाला काही बोलू नका, सांगून ठेवते. एकच मामा हाय पोरीला."

इथं माझं सगळं अडलं. कारण आमच्यात मामाशिवाय लग्न लागत नाही. मुलीला हाताला धरून मंडपात आणायचं मामानं, अंतरपाट धरला की तिच्या पाठीमागं उभं राहायचं मामानं. बाप कुठंतरी खांबाजवळ असतो, नाहीतर स्वयंपाकाकडं. बापाचं काही अडत नाही. बायकोला चुलत भाऊही नाही. म्हणजे एका बाजूला मामा आला तर वऱ्हाड येणार नाही, आणि दुसऱ्या बाजूला मामा नाही तर मुलगी मंडपात येणार कशी?

पोरगी आतून म्हणाली, "पप्पा, मला दोन्हीकडून स्क्रीनशॉट येऊन राह्यलेत. आम्ही दोघांनी दोन्ही घरचे ग्रुप म्यूट केलेत." आमच्या घरात तेवढे दोघंच शहाणे होते आणि नेमकं त्यांचंच लग्न होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फोन बंद ठेवायला लागलो. तर सकाळीच मेव्हण्याचा फोन बायकोच्या नंबरवर. "दाजी आज दिसले न्हाई? तब्येत बराबर हाय ना?" बघितलं तर नाव पुकारलं जायचं आणि ते इवायांपर्यंत जायचं. नाही बघितलं तर बायकोच्या ताटात भाकरी तशीच राहायची. शेवटी एका दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याला भेटायला टेंभुर्णीला गेलो.

त्याचं संपर्क कार्यालय म्हणजे खताच्या दुकानाशेजारचं एक शटर. आत दोन खुर्च्या, त्याचाच हात जोडलेला मोठा बॅनर, आणि मधोमध एक तिपाई, तिच्यावर गोल दिवा आणि फोन. तो एकटाच होता. मला बघून उठला, पाया पडला. समोरासमोर तो नेहमीच गरीब असतो.

"दाजी, तुम्ही सांगा अन् मी ऐकणार न्हाई, असं झालंय का?"

मी सांगितलं. लग्नापर्यंत त्या माणसाचं नाव घेऊ नको. गटारावर बोल, पाण्यावर बोल.

त्यानं तिपाईवरचा फोन जरा सरळ केला. मग म्हणाला, "पाण्यावर बोललो व्हतो दाजी. चांगला अभ्यास करून बोललो. वर कोपऱ्यात आकडा दिसतो ना, किती लोक पाहून राह्यले त्याचा, तो माझ्या डोळ्यासमोर उतरत गेला. मी टाकीच्या क्षमतेवर आलो तं फक्त माझी बहीण अन् माझी बायको राह्यली. मंग मी त्याला दोन शिव्या हासडल्या. भरली ना जीप!" तो हसला. "आता मला गोड बोलताच येत न्हाई. लोक उतरून जातात."

मला त्याची दया आली. हे चुकलं. कारण दया आल्यावर मी खुर्चीत मागं रेलून बसलो, आणि बसलो तो नेमका त्या तिपाईसमोर. त्यानं दिवा लावला. मला वाटलं आत अंधार आहे म्हणून लावला.

"राम राम मंडळी! आज आपल्यासोबत हायेत आपले दाजी. तेच, त्या दिवशी हसलेले! दाजी, सांगा लोकायला, तो निवारा पाहून तुम्हाला काय वाटलं? मोकळ्या मनानं बोला."

मी आयुष्यात कधी लोकांसमोर बोललेलो नाही. साखरपुड्यात 'दोन शब्द' म्हणाले तर मी दोनच बोललो होतो. समोर माझंच तोंड दिसत होतं, गोल दिव्यात पिठासारखं पांढरं. एक वाक्य त्याच्या बाजूनं बोललो तर वऱ्हाड गेलं. एक वाक्य त्याच्या विरुद्ध बोललो तर मामा गेला. मधलं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यातून हे निघालं:

"न्हाई म्हणजे, तसं पाह्यलं तर... रस्त्याकडून धुरळा लय येतो. त्या हिशेबानं पाठ रस्त्याकडं असलेली बरीच. बाया-माणसांच्या अंगावर धूळ येत न्हाई. सावली बी चांगली पडते."

ह्यातलं काहीच मला माहीत नव्हतं. त्या निवाऱ्यात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही.

फोनवर खालून वर अक्षरं धावायला लागली. 'दाजी फुटले.' 'दाजी तिकडचे.' 'सख्ख्या दाजीनं तोंडात मारली.' आणि कोपऱ्यातला आकडा, मला तो तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला, भराभरा चढत होता.

संध्याकाळी इवायांचा फोन. आवाजात साखर. "मन जिंकलं इवाई तुम्ही. भाऊ म्हणाला, असा न्यायाचा माणूस आपल्या घरात येऊन राह्यला, आपलं भाग्य." त्यांच्या लोकांनी माझा तुकडा कापून, मागं सनई लावून, सगळ्या गटात फिरवला होता. 'विरोधकाचे दाजीही म्हणतात.' माझ्या दुकानात येऊन लोक माझ्याकडं बोट दाखवून झेरॉक्स काढून जायला लागले.

आणि दुसऱ्या सकाळी मेव्हण्यानं लाइव्हवर जाहीर केलं, "आजपासून त्या घराशी माझा संबंध न्हाई. भाचीच्या लग्नाला मी येणार न्हाई. दाजींना म्हणा, आता त्या निवाऱ्यालाच मामा म्हणून उभं करा."

हे तो घरी येऊन बोलला असता तर संध्याकाळी विसरला असता. बायकोनं दोन शिव्या देऊन जेवायला वाढलं असतं. पण सगळ्यांसमोर बोलून बसला. आता त्याला मागं यायला वाटच नव्हती. मी त्याच्या दारात गेलो, कडी वाजवली, आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "ते घरी न्हाईत." त्याच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. मी त्या चपलांकडं बघितलं आणि परत आलो.

बायकोनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पापड लाटत होती, अक्षता बांधत होती, पाहुण्यांना हसून या-बसा म्हणत होती, आणि माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होती. "कुणीतरी गॅसची टाकी आणून ठेवा." ते कुणीतरी म्हणजे मी.

हळदीच्या दिवशी सकाळी मात्र तिनं पोरीचा फोन मागितला. आमच्या घरात तिनं कधी कुठं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्यांचं वाचते आणि नावं ठेवते. चष्मा लावून, एका बोटानं, ती बराच वेळ लिहीत बसली. मेव्हणा तेव्हा लाइव्ह होता, समोरच्याचे पूर्वज काढत होता. आणि मध्येमध्ये सवयीनं खालचं वाचत होता. "अमुक भाऊंचा नमस्कार... तमुक अण्णा म्हणतात, लढा... 'भाऊ आज दुपारी हळद आहे. तुझा फेटा आणून ठेवलाय. उपाशी येऊ नको, पण...'"

तो तिथंच अडकला. पुढचं त्यानं मनात वाचलं असणार. मीही वाचलं होतं. 'पण जेवूनही येऊ नको. वाढायला मी आहे.'

त्यानं वर बघितलं. मग पडदा काळा झाला.

दुपारी तो आला. माझ्याकडं न बघता आत गेला, तिच्या पाटावर बसून जेवला. मी ताक वाढायला गेलो तर म्हणाला, "तुमच्या हातचं नको." पण भांडं पुढं केलं.

लग्नात सगळं झालं, आणि सगळं माझ्या छातीवरून झालं. निवेदकाला मी हात जोडून सांगितलं होतं की कोणाचंही नाव घेऊ नको. पण ज्याला नावं घ्यायलाच बोलावलेलं असतं तो काय करणार? त्यानं नवरदेवाच्या चुलत्याला आशीर्वाद द्यायला बोलावलं. चुलते माइक धरून म्हणाले, "नवदांपत्याला आयुष्यभर सावली लाभो," आणि 'सावली'वर थांबून मेव्हण्याकडं बघितलं. अर्धा मंडप हसला. मी खांबाला धरलं.

मेव्हणा पोरीच्या पाठीमागं उभा होता, डोक्यावर फेटा, कानापर्यंत लाल झालेला. त्याच्या गळ्याची शीर उठलेली मला खांबापासून दिसली. माइक फार लांब नव्हता. तेवढ्यात पोरीनं मान मागं वळवून त्याला काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि तो तसाच उभा राहिला, तिच्या खांद्यावर हात ठेवून, शेवटच्या अक्षता पडेपर्यंत.

पाठवणीला मात्र तो फुटला. माणसं भरणाऱ्या आवाजात रडला. पोरीला सोडेना. तिची सासू म्हणाली, "मामा, नवरीला आमच्या गाडीत बसू द्या," तेव्हा सगळे रडता रडता हसले. मी रडलो नाही. मी वरमाईची बॅग शोधत होतो.

दुसऱ्या सकाळी घर रिकामं. बायको मांडवातली पानं गोळा करत होती. माझा फोन वाजला.

"दाजी, कालचा पाठवणीचा व्हिडिओ हाय एकाकडं. मी रडून राह्यलो तो. लोक म्हणतात, टाका. लय चालल म्हणतात. टाकू का? तुम्ही न्हाई म्हणाले तं न्हाई टाकणार."

मतदान जवळ आलं होतं. टाक म्हणालो तर इवायांना राग, नको म्हणालो तर हा हरला की कारण मी. मी फोनवर हात ठेवला आणि बायकोकडं बघितलं.

तिनं ऐकलं होतं. पानांची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तो विचारून राह्यला म्हणजे टाकून झालं. लहानपणी बी आधी खायचा, मंग मागायचा." मग जवळ येऊन माझ्या हातातल्या फोनकडं बघत म्हणाली, "त्याच्यात पोरगी दिसती का? दाखवा बरं."