तात्यांच्या रोपवाटिकेचा नवा पत्ता

संगमनेरात इंटरनेट नुकतं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गहिनीनाथचा कॉम्प्युटर क्लास बसस्टँडच्या मागे. माणूस हुशार, पण भारी उतावळा. चहा गाळून व्हायच्या आत कप पुढे करणारा.

सहादेवतात्यांच्या डाळिंब रोपवाटिकेची वेबसाइट त्यानेच केली होती. तिच्यावरचा फोन नंबर बंद पडला आणि साइट सांभाळणारी कंपनी दाद देईना. म्हणून त्याने पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नवं पान ठेवलं, नव्या नंबरासकट. साइटचं नाव तेच, ठिकाण तेवढं नवं. बडोद्याचा एक व्यापारी शुक्रवारी पान बघून फोन करणार होता. प्रदर्शनात ऐकलेलं साइटचं नाव, एवढंच त्याच्याजवळ होतं. त्याला जुनं पान दिसलं, तर यंदाची रोपं तात्यांच्या शेडखालीच राहणार होती.

बुधवारी त्याने नाव नव्या ठिकाणाला जोडलं. मोडेम किरकिरला, पान उघडलं. जुनंच. गहिनीनाथ रस्त्यावर चक्कर मारून आला. जुनंच. आपलंच चुकलं समजून त्याने नाव परत जुन्या ठिकाणाला जोडलं, मग पुन्हा नव्याला. गुरुवारीही हाच खेळ केला.

पुण्याच्या कंपनीतला माणूस फोनवर वैतागला. "अहो, हात लावू नका! वाटेतल्या इंटरनेट कंपन्यांची मशीनं साइटचा पत्ता एकदा विचारतात आणि काही काळ जवळ ठेवतात. मुदत संपेपर्यंत परत विचारत नाहीत. तुम्ही मधेच उलटं फिरवलंत, तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांनी पुन्हा जुनाच धरला."

क्लासच्या बाकावर बसलेले तात्या म्हणाले, "गहिन्या, कलमाला फांदीवर मातीची गुटी बांधल्यावर मुळी फुटली का म्हनून रोज सोडून बघत्यात का रं? वाळती ती."

"तात्या, ह्ये डाळिंब न्हाई."

"व्हय, पन खाज तीच हाय."

शुक्रवारी दुपारपर्यंत गहिनीनाथने किती वेळा पान उघडलं, त्यालाच ठाऊक. शेवटी त्याने रोपवाटिकेत फोन लावला. "तात्या, माफ करा. अजून जुनंच दिसतंय. गिऱ्हाईक गेलं."

"कुठं गेलं? त्येचा सकाळीच फोन आला. ट्रक धाडतोय."

फोन कानाला धरूनच गहिनीनाथने हिशेब जुळवला. बडोद्याकडच्या मशीनला हे नाव याआधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या मशीनने आज पहिल्यांदाच चौकशी केली आणि त्याला ताजा पत्ता मिळाला. जुना पत्ता घट्ट धरून बसलं होतं ते गहिनीनाथच्या वाटेवरचं मशीन, ज्याला तो सारखं विचारत होता.

"ये, रोपं भरू लाग," तात्या म्हणाले.

"आलोच," म्हणत त्याने फोन ठेवला आणि पुन्हा मोडेम लावला.