उद्यानाच्या दारात, सकाळी सव्वाआठ वाजता

तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतून आमची टॅक्सी सातला निघाली, तेव्हा माझ्या जिवाला एकच घोर होता. सोमवारी माझी परतीची गाडी होती आणि नऊ वर्षांची माझी नात मैथिली अजून माझ्याशी धड दहा वाक्यं बोलली नव्हती. व्हिडिओ कॉलवर हात हलवून पळणारी ही पोर समोरासमोर तरी बोलेल, या आशेवर मी साताऱ्याहून चेन्नई गाठली होती. पण ती घरात तमिळ बोलायची, शाळेत इंग्रजी, आणि माझ्या मराठीपुढे नुसती हसायची. लेक आणि जावई दोघंही शनिवारी कामावर, म्हणून थीम पार्कचा बेत मीच काढला.

"लवकर जा, रांगा नसतात," जावयांनी बजावलं होतं. सोबत येणाऱ्या विहीणबाईंना, म्हणजे शारदाबाईंना, लवकर निघणं वेगळ्याच कारणाने पटलं. त्यांचं घराणं तंजावरकडच्या जुन्या मराठी लोकांपैकी; त्यांची मराठी जुन्या वळणाची, घरात मात्र तमिळच. शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ, त्यात कशाचाही आरंभ करायचा नाही, असा त्यांचा नेम. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. पण पाहुणीने जीभ आवरावी, म्हणून गप्प बसले.

मरीनाचा किनारा मागे पडला, अड्यारचा पूल ओलांडला आणि शहर विरळ होत गेलं. डाव्या हाताला सवुक्कूच्या (सुरूच्या) बनांतून समुद्र मधूनच दिसायचा आणि लपायचा. मैथिली खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला समुद्राबद्दल दोनचार प्रश्न विचारले. उत्तरादाखल "हं" मिळालं.

सव्वाआठला पोचलो. दार बंद, दिव्याच्या खांबाखाली एक कुत्रं झोपलेलं, आणि पहारेकऱ्याने हाताची दहा बोटं दाखवून दार कधी उघडतं ते सांगितलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून आम्ही वाहनतळाच्या कट्ट्यावर डबा उघडला. मुळगापोडी (डाळ-मिरचीची तिखट पूड) आणि तिळाचं तेल चोळलेल्या इडल्या. सहा खाल्ल्या मी. विहिणीच्या हाताला चव आहे, हे राग आला तरी कबूल करावंच लागतं.

राग यायचा होता तो पुढे आला. हळूहळू गाड्या आल्या, माणसं जमली, पण रांगेत आमचा नंबर पहिला. बरोबर दहाला दार उघडलं, तिकिटं बघणारी बाई "वांगो अम्मा" (या, आई) म्हणाली, आणि शारदाबाई चक्क बाजूला झाल्या.

"आता पाऊल घालू नका हो. राहुकाळ आहे. अस्के (सगळे) जाऊंदेत, साडेदहा वाजूंदे."

"अहो, पण आपण घरून निघालो ना आधीच?"

"निघणं ते निघणं. आत जाणं ते आत जाणं. लेकराला उंच झुल्यात बसवायचं, आणि ह्या वेळी?"

माझा पारा चढला. पावणेदोन तास उन्हात उभं राहून मिळवलेला पहिला नंबर! माझ्या डोळ्यांदेखत अख्खी रांग आत गेली. एवढ्यासाठी पहाटे पाचला उठवलंत का, असं मी बोलूनही गेले. शारदाबाई पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसल्या. मी तरातरा दुसऱ्या टोकाला, एका झाडाखाली गेले. बोलले ते बरं केलं नाही, हे मला तिथे पोचण्याआधीच कळलं होतं.

थोड्या वेळाने मैथिली माझ्याशेजारी येऊन टेकली.

"आजी, पाटीवर (बाबांच्या आईवर) रागवू नको. लेट झालं, ते मला चांगलं."

"का गं?"

तिने मागे वळून पाहिलं. कुंपणापलीकडे ती मोठी राईड, आकाशात वेटोळं घातलेली. "मला त्याचं भयम आहे. क्लासमधली सगळी गेली. मी पण गेले म्हणून सांगितलं. पोय (खोटं) सांगितलं. आईला बोलू नको, प्लीज."

मराठी, तमिळ, इंग्रजी, हाताला लागेल तो शब्द उचलून ती बोलत होती आणि मला एकही अडला नाही. मी म्हटलं, "मला साधा जत्रेतला पाळणा सोसत नाही. तू बसलीस तर मी बसते. नाही बसलीस तरी माझी काही हरकत नाही."

ती माझ्याकडे सरकली. मग वर्गातल्या कोणी काय काय फुशारक्या मारल्या ते सांगत सुटली, ते साडेदहा वाजेपर्यंत. मी शारदाबाईंजवळ जाऊन "चुकलं माझं" म्हटलं. त्यांनी उरलेली इडली पुढे केली.

आत तोबा गर्दी. त्या राईडपुढे सव्वा तास उभ्या होतो आणि पोरीची टकळी एकदाही थांबली नाही. शेवटी आम्ही दोघी बसलो. वर चढताना तिने माझं मनगट धरलं, खाली येताना मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं, आणि उतरल्यावर ती थरथरत हसत होती. "आता खोटं नाही ना, आजी?" एवढंच तिने विचारलं.

साताऱ्यात मैत्रिणी विचारतात, अशा ठिकाणी लवकर जाण्यात अर्थ आहे का? पाळण्यांसाठी विचाराल तर आमच्या पदरात काही पडलं नाही. तरी मी म्हणते, जा लवकर. दाराबाहेर ताटकळायला वेळ मिळतो.

परवा रविवारी फोन वाजला. आईच्या फोनवरून मैथिलीने स्वतः लावला होता. सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. काय जेवलीस, तिकडे ऊन आहे का, असलंच काहीबाही विचारत राहिली. पण फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.