हेवीवर दिलेली खोली

माझा उजवा हात कोपरात अजून पुरता वळत नाही. तो माझ्या भाडेकरूने मोडला, आणि मोडला ते बरंच केलं.

विरारला आमची राहती खोली होती. दुसरी घेऊन भाडं खायचं, हे खूळ माझं. तुळिंजला नव्या इमारतीत खोली स्वस्तात मिळत होती, पण इमारतीला परवानगीच नव्हती. कागद पाहून बँकेने कर्ज नाकारलं. दलाल म्हणाला, "बँक कशाला पाहिजे? हेवीवर द्या." हेवी म्हणजे भाडेकरूने मोठी अनामत एकरकमी द्यायची, मग महिन्याचं भाडं नाही. त्याच्याच पैशांनी मी मालक होणार होतो. अनामत हळूहळू फेडू, मग भाडं आपलंच. स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूष होतो.

भाडेकरू वेल्डर होता, गावची जमीन विकून आलेला.

"कागद चोख आहेत ना, साहेब?"

"अगदी चोख," मी म्हणालो.

दोन वर्षांनी पालिकेचा जेसीबी आला. मी धावत पोचलो तेव्हा स्वयंपाकघराची भिंत ओट्यासकट खाली येत होती. वेल्डरची बायको देव आणायला आत घुसत होती आणि पोलीस तिला ओढून काढत होते. मला पाहताच तिने माझी कॉलर धरली. "आमचे पैसे टाका." माझं टाळकं सटकलं. मी तिला ढकललं. ती विटांवर पडली, कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. वेल्डरने सळई उचलली. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसरा डोक्यात बसायचा, तो तिनेच मध्ये पडून अडवला.

दवाखान्यात दलाल सल्ला द्यायला आला. "पोलिसात तक्रार द्या. केस मागे घेतो म्हणा, तो अनामतीचं नाव काढणार नाही." सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. हात प्लास्टरमध्ये, म्हणून तक्रार लिहायला माझी बायको बसली.

"त्याने तुमचा हात मोडला," ती म्हणाली. "तुम्ही तिचं डोकं फोडलंत, आणि खोटं बोलून त्यांची जमीन गिळलीत. आधी काय लिहू?"

कागद कोराच राहिला. विरारच्या आमच्या खोलीत आता वेल्डर राहतो, अनामतीच्या बदल्यात. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहतो. ही भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा मालकाला मी विचारलं, कागद चोख आहेत ना?

"अगदी चोख," तो म्हणाला.