लांबून वाचायची अक्षरं

मी फॉन्ट तयार करतो. हा धंदा आहे हे वडिलांना कधी पटलं नाही. ते मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. बाराखडी आधीच झालेली आहे, तू त्यात आणखी काय करतोस, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

माझा चाललेला फॉन्ट एकच, जाडजूड आणि ऐसपैस पसरलेला. देवनागरी जाड करणं म्हणजे भरलेल्या खोलीत आणखी एक कपाट ढकलणं. वर मात्रा, खाली उकार, आणि पोटातली पांढरी जागा बुजली की ष आणि प सारखेच दिसतात. सगळ्यात जास्त छळलं ते च्छा या जोडाक्षराने. पण नाशकात ते टाळून चालत नाही, कारण फ्लेक्सवर शुभेच्छा आल्याशिवाय इथे कुणाचा वाढदिवस झाला असं धरत नाहीत.

फॉन्ट विकायला काढला आणि लगेच फुकट झाला. फ्लेक्सवाल्यांनी तो एकमेकांना व्हॉट्सॲपवर वाटला आणि त्याचं नाव ‘जाड्या’ ठेवलं. पंचवटीतल्या एका दुकानात मी सांगितलं की हा माझा आहे, तर मालक म्हणाला, असू द्या, सगळ्यांचाच आहे. मग भावी नगरसेवक, रसवंती, ट्रॅक्टरची ट्रॉली, द्राक्षांची पेटी, दशक्रियेचा बोर्ड, सगळीकडे जाड्याच. एवढं ओरडून सांगण्यासारखं काय आहे, असं वडील म्हणाले. दशक्रियेच्या बोर्डाबाबत मलाही तेच वाटलं.

मग वडिलांची नजर जायला लागली. डोळ्याचा पडदा खराब झालाय, आहे ती नजर टिकवायची, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली. आधी पेपर सुटला, मग पोथी. वाचन हाच त्यांचा दिवस होता. ते घरात कुणाशी बोलेनासे झाले आणि मला त्यांची भीती वाटू लागली.

डॉक्टरांकडे जाताना रिक्षात मात्र ते अचानक बोलले. "दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा," त्यांनी मोठ्याने वाचलं. जाड्या त्यांना दिसत होता. त्यानंतर दर खेपेला ते रस्ताभर वाचत जायचे. कुणाचा वाढदिवस, कूलरचा सेल, कुणाची दशक्रिया, सगळं वर्गात धडा वाचायच्या एकाच आवाजात. रिक्षावाले आरशातून बघायचे. मी मनातून फार खूश होतो. एकदा च्छा बरा जमलाय असंही ते म्हणाले. शाळेत माझ्या अक्षराला त्यांनी एवढे मार्क कधी दिले नव्हते.

गेल्या महिन्यात रिक्षा होळकर पूल ओलांडून गेली तरी ते गप्पच होते. पुढे सिग्नलला थांबलो ते नेमके एका नव्याकोऱ्या फ्लेक्ससमोर. लाल अक्षरं, त्यातला च्छा माणसाएवढा. वडील तिकडेच तोंड करून बसले होते.

"फ्लेक्स काढले वाटतं सगळे," ते म्हणाले.

"हो नाना, कालच काढले," मी म्हणालो.

सिग्नल सुटला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"फार ओरडायची तुझी अक्षरं," ते म्हणाले. "पण वाचता यायची."