कानावर मोहरी, हाताची मूठ

इस्रायलच्या वाळवंटातल्या ओफाकिम गावाची शेवटची घरं मागे पडतात न पडतात, तोच सोफीने बस थांबवली होती. तिथे थांबा नव्हता, सावली नव्हती, हिरवं म्हणावं असं एक पानही नव्हतं.

"उघड दार! उघड म्हणते ना!"

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण एवढं मराठी कुणालाही कळतं. त्याने दार उघडलं. सोफी उतरली, छातीवर हात दाबून रस्त्याच्या कडेला बसली. बस धुरळा उडवत बीर शेवाकडे गेली आणि सोफी उठून पायी घरी आली. ऐंशी सालचा उन्हाळा होता. त्यानंतर ती बसची पायरी चढली नाही.

तसं तिचं काही अडतही नव्हतं. कापडाची गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर, भाजीबाजार त्याच्या अलीकडे. पण छातीतली ती धडधड बसपुरती राहिली नाही. ती घरी राहायला आली. सकाळी डोळा उघडला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. चुलीपाशी उभं राहून कांदा कशासाठी चिरायचा होता तेच सोफीला आठवेना. नवरा यित्झाक, परळच्या वर्कशॉपात अर्धं आयुष्य काढून इथे नगरपालिकेच्या बागेत गुलाबांना पाणी घालणारा साधा माणूस, रोज विचारायचा, "काय मेमसाब, आज फस्क्लास?" आणि सोफी रोज सांगायची, "आज थर्डक्लास."

हिवाळ्यात मुलीचा फोन आला. नुरीत लग्न होऊन मित्स्पे रामोनला गेली होती. ते गाव म्हणजे वाळवंटाच्या पार टोकाला, निसर्गानेच खणलेल्या अवाढव्य खड्ड्याच्या काठावर. तिला दिवस गेले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण म्हणजे ती माहेरी येणार, हे सोफी धरूनच चालली होती.

"इमा, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय," नुरीत आईला हिब्रूत म्हणाली. ती मराठी ऐकायची आणि हिब्रूत उत्तर द्यायची. "पाय सुजलेत. पडून राहायचं. तूच ये ना. शेवटचा महिना इथे राहा. मेयर दिवसभर कामावर असतो, मला एकटीला भीती वाटते."

"येते गो बाय. येते म्हणजे काय, येतेच," सोफी म्हणाली, आणि फोन ठेवून घामाने डबडबली.

यित्झाकने तिला हाताला धरून बसथांब्यापर्यंत नेलं. बस आली, दार उघडलं, सोफीने एक पाय वर ठेवला आणि परत खाली घेतला. ड्रायव्हरने "नु?" म्हणून विचारलं. यित्झाक म्हणाला, "तू जा बाबा. ही उद्या येईल." तो उद्या काही आला नाही.

त्याच सुमारास गावातल्या दवाखान्यात बीर शेवाहून दोघंजण यायला लागले. एक डॉक्टर एफ्राइम, ब्यूनॉस आयर्सचा, र म्हटला की कौलावरून पत्रा घसरावा तसा आवाज करणारा. दुसरी रोझ, रुमानियाची, गरम सूप वाढल्यासारखं बोलणारी. ज्यांची झोप उडाली आहे, छाती धडधडते, मन बसलं आहे, अशा बायकांवर त्यांना दोन उपाय ताडून बघायचे होते. अर्ध्यांच्या कानात एफ्राइम बारीक सुया टोचणार आणि घरी दाबत राहायला तिथेच बारीक बी चिकटवून देणार, अर्ध्यांना रोझ अंग आवळून सैल सोडायला शिकवणार. कुणाला काय, हे कुणाच्या मर्जीवर नाही. पिशवीत हात घालून गोटी काढायची. लाल आली तर कान, पांढरी आली तर स्नायू.

सोफी एकटी गेली नाही. तिने नणंदेला बरोबर नेलं. मिली यित्झाकची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहायची. नवरा गेल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. पूर्वी जिचा आवाज तिसऱ्या इमारतीला जागं करायचा, ती आता खिडकीशी बसून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत असायची. मिलीला लाल गोटी आली, सोफीला पांढरी.

"एकच नियम," रोझ म्हणाली. "लाल आणि पांढऱ्यांनी एकमेकींत उपायाबद्दल बोलायचं नाही. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. बेसेदेर? ठीक?"

"बेसेदेर," सगळ्या म्हणाल्या. त्यात ओफाकिमच्या आमच्या मराठी बायका पाच-सहा होत्या, त्या जरा जास्तच जोरात म्हणाल्या.

पांढऱ्यांच्या खोलीत चटया अंथरलेल्या. रोझ दिवे मंद करायची आणि सुरू व्हायची, "मूऽऽठ वळा… घऽऽट्ट… आणखी घऽऽट्ट… आणि आता… सोऽऽडा…" मग दंड, मग खांदे कानापर्यंत उचलायचे, मग तोंड लिंबू चावल्यासारखं करायचं, मग पायाची बोटं. सोफीला आवळणं पहिल्याच दिवशी जमलं. सोडणं जमेना.

"सोडा, सोफी."

"सोडून ठेवू कुठं?"

"कुठेच नाही. पडू दे हात."

सोफीने आयुष्यात हात असा पाडला नव्हता. गिरणीत धागा सोडला तर तुटतो, घरी भांडं सोडलं तर फुटतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी तो हात खरंच पडला, आपला नसल्यासारखा चटईवर राहिला, आणि सोफी त्याच्याकडे बघतच बसली. हे काय झालं? धडधड त्याच जागी होती, पण तिच्याभोवतीची जागा वाढली होती. कसं काय? हात सैल सोडल्यावर छातीला कसं कळतं? कोण सांगतं तिला?

पलीकडच्या खोलीत एफ्राइम मिलीचा कान बोथट सळईने चाचपत होता. "कान म्हणजे पुर्रर्रा माणूस, गेव्हेरेत मिली! उलटा निजलेला! पोटातल्या बाळासार्रर्रखा! इथे डोकं, इथे पाठ, इथे काळीज. इथे दुखतं? इथे? आँ?" मग कानाच्या वरच्या कडेचं जुनं भोक बघून तो थबकला. "इथे आधी कुणी टोचलंय? कोणत्या डॉक्टर्रर्रने?"

"रेवदंड्याच्या सोनारानं," मिली म्हणाली. "बुगडी होती."

"कशासाठी? डोकेदुखीसाठी?"

"शोभेसाठी हो!"

कित्येक महिन्यांत मिली एवढं बोलली नव्हती. जिना चढताना ती सोफीला म्हणाली, "डॉक्टर येडा आहे गो. पण हात हलका आहे." आणि नियम मोडला आहे हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

तो खरा मोडला मलिद्याच्या दिवशी. मिलीला आठवडाभर चांगली झोप लागली, म्हणून तिने एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर फळांचे काप. शनिवारचा शब्बाथ सरल्यावर आशीर्वाद म्हणून झाले, ताट फिरलं. मलिद्याची रीत अशी, की ज्याच्या घरी चांगलं झालं त्याने दारातल्या प्रत्येकाच्या हातावर द्यायचं. कुणी राहिला तर ते टिकत नाही. सोफीच्या हातावर पोहे ठेवता ठेवता मिली थांबली.

"मी निजते आणि तू रात्रभर खिडकीत. नुरीतकडं कशी जाशील तू?"

"पांढरी गोटी आली माझी. तुमची लाल."

"गोटी म्हणे! नवस माझा, मलिदा माझा आणि गुण मी एकटीनं खाऊ? बस खाली."

मिलीने डबा उघडून मोहरी काढली, चिकटपट्टी कातरली आणि केसांच्या आकड्याच्या मागच्या टोकाने सोफीचा कान चाचपायला लागली. "इथे दुखतं? इथे? आँ?" तिने र सुद्धा एफ्राइमसारखा घरंगळवला. दुखलं त्या जागी मोहरीचा दाणा, वर पट्टी. "धडधडलं की दाबायचं. आता तुझं दे."

"माझं काय?"

"तुमच्या खोलीतलं. मला काय, रिकामं ताट?"

मग सोफीने दिवा मंद केला, नणंदेला सतरंजीवर आडवं केलं आणि "मूऽऽठ… घऽऽट्ट…" असं सुरू केलं. मलिद्याला आलेल्या, दवाखान्यातल्याच बाकीच्या बायका हातातले पोहे संपवून, कानाला दाणा लावून घेऊन शेजारी आडव्या झाल्या. यित्झाक दारातून डोकावला आणि म्हणाला, "माय गॉड! कधी उठणार आहेत या?"

पुढे पुढे सोफी दोन उपायांत, पायी नाही पण मनाने, रोज येरझारा घालू लागली. पाटा हलका होत होता हे खरं. कांदा कशासाठी चिरायचा ते आठवत होतं. यित्झाकला "सेकंडक्लास" असं उत्तर मिळू लागलं होतं. मिली तर इतकी सुधारली की खालच्या मजल्यावरच्या ब्राखाशी पाण्याच्या नळावरून कडाडून भांडली आणि अख्ख्या इमारतीला बरं वाटलं. पण हे कशाने? दाण्याने की मुठीने? सोफीला हे कळायलाच हवं होतं. बसमध्ये धडधड सुरू झाली, तर ती धरणार काय?

एका दुपारी रोझने तिची मान सैल करायला हात लावला आणि कानावरची पट्टी सुटली. मोहरीचा दाणा टपकन फरशीवर पडला आणि घरंगळत गेला.

रोझने तो उचलून उजेडात धरला. "हे काय आहे?"

"मोहरी."

"कानात मोहरी का आहे?"

पलीकडच्या चटईवरून आमच्यातलीच अबिगेल म्हणाली, "फोडणीला नाही हो. काळजासाठी." तिच्याही कानावर पट्टी होती. मग तिथल्या सगळ्याच मराठी बायकांच्या कानांवर पट्ट्या सापडल्या.

"एफ्राइम!" रोझचा सुपासारखा आवाज पहिल्यांदाच उकळला. एफ्राइम धावत आला. त्याने आपल्या लाल बायकांना मूठ वळायला सांगितली, आणि मिलीने ती इतकी झकास वळून सोडली, की रोझच्या हाताखाली शिकल्याशिवाय तसं कुणाला जमत नाही.

"सगळं मिसळलं!" एफ्राइमने डोक्याला हात लावला. "पुर्रर्रं वाटोळं!" मग तो सोफीच्या कानावर वाकला. "पण जागा बर्रर्रोबर आहे. जवळपास. ही जरा चुकली."

रोझने चटईवर बसकण मारली. "तुम्ही येत राहा, उपाय बंद होणार नाही. पण तुमच्या सहाजणींना तुलनेतून वगळावं लागेल."

"म्हणजे आमचं बरं वाटणं खोटं?" सोफीने विचारलं.

"खरं आहे. पण कशामुळे, ते आता तुमच्याकडून कळणार नाही. मी सांगितलं होतं ना."

सोफीला राग आला नाही, तिला चुटपुट लागली. रोझने नियम सांगितला तेव्हा तो दवाखान्याचा नियम वाटला होता, रांगेत उभं राहण्यासारखा. आता तो तिचा स्वतःचा प्रश्न झाला होता. "तुम्हाला काय वाटतं, कोणतं चालतं?" तिने विचारलं. रोझ आणि एफ्राइम दोघांनी एकदम तोंड उघडलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मिटलं. "म्हणून तर ताडून बघतोय," रोझ म्हणाली.

नुरीतला शेवटचा महिना लागला. सोफीने पिशवी भरली, यित्झाकला घरी बसवलं ("तुम्ही असलात तर तुमच्यामुळं की कशामुळं, ते कसं कळेल?") आणि मिलीने ताजे दाणे लावून दिले. सोफीने मनाशी ठरवलं. ओफाकिम ते बीर शेवा फक्त कान. मुठी वळायच्या नाहीत. बीर शेवाला दाणे काढायचे आणि तिथून मित्स्पे रामोनपर्यंत फक्त मूठ.

पायरीवर एक पाय ठेवला. सोफीने कान दाबला आणि दुसरा पाय उचलला. दार बंद झालं. शेवटची घरं मागे पडली आणि धडधड आली, ठरल्यासारखी. सोफीने दाणा दाबला. दुखलं. आणखी दाबला. ती धडधडीकडे कान देऊन बसली, म्हणजे खरोखरच कानाला हात लावून. वाढतेय? हो. अजून? हो. आता? आता तेवढीच. आता? बीर शेवाच्या इमारती दिसल्या तेव्हा कानाची पाळी लालबुंद झाली होती आणि सोफी बसमध्येच होती.

दुसऱ्या बसमध्ये शेजारी एक सैनिक मुलगी बसली, बंदूक मांडीवर, डोळ्यांत झोप. शहर संपलं, पिवळं वाळवंट उघडलं, कुठे काही धरायला नाही असं. धडधड या वेळी मोठी आली. सोफीने मूठ वळली, घट्ट, आणखी घट्ट.

"गेव्हेरेत, राग आलाय का?" मुलीने विचारलं.

"नाही. सैल पडतेय."

"असं?"

"असंच. आधी आवळायचं. बघ करून."

मुलीने मूठ वळली, सोडली, परत वळली, आणि खांद्यांपर्यंत यायच्या आत तिचं डोकं सोफीच्या खांद्यावर पडलं. गाढ झोपली. आता सोफीला खांदा उचलता येईना, उठताही येईना. उतरावंसं वाटलं तरी या पोरीला जागं करून उतरायचं? ती तशीच बसली. धडधड बराच वेळ तिच्याबरोबर बसली आणि मग कधीतरी, कोणत्या वळणावर ते सोफीच्या लक्षात राहिलं नाही, उतरून गेली.

जावई मेयर थांब्यावर उभा होता. घरी नुरीत पलंगावर, सुजलेले पाय उशीवर, पोट डोंगराएवढं. ती आईला घट्ट धरून रडली, हसली, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग कोणतं, इमा? कान की मूठ?"

"नाही सांगता येत अजून. कान चालला, पण रस्ता लहान होता. मूठ चालली म्हणावं, तर ती पोर झोपली खांद्यावर. हिशेब बिघडला. परत जाताना उलटं करून बघते, आधी मूठ, मग कान."

"माझ्यावर कर ना आत्ता. मला रात्री झोप येत नाही, सारखी भीती वाटते." ती चक्क मराठीत म्हणाली, मोडक्यातोडक्या. "दोन्ही कर."

"दोन्ही नाही," सोफी पदर खोचत म्हणाली. "आज एक, उद्या दुसरं. नाहीतर कळणार कसं?"